द थीफ ऑफ बगदाद

द थीफ ऑफ बगदाद (बगदादचा चोर) : अरबी सुरस कथांवर आधारलेला अमेरिकन साहसपट. मूकपट, १४ रिळे. पहिला खेळ १८ मार्च १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या लिबर्टी थिएटरमध्ये झाला. दिग्दर्शक राउल वॉल्श. निर्माता आणि नायक डग्लस फेअरबँक्स (१८८३–१९३९). ‘एल्टन टॉमस’ या टोपणनावाने कथाही त्यानेच लिहिली. खर्च ११ लाख डॉलरांच्या वर गेला आणि त्या काळच्या अतिखर्चिक चित्रपटांत याची गणना झाली.

अहमद हा बगदादच्या बाजारातला भुरटा चोर. पहिल्याच प्रसंगात तो कारंज्याच्या कठड्यावर झोपेचे सोंग घेऊन पडलेला दिसतो. पाणी प्यायला वाकणाऱ्यांचे खिसे कापून होतात, तरी त्याचे डोळे मिटलेलेच. पुढे तो जादूगाराची आपोआप उभी राहणारी दोरी पळवतो, तिच्या आधाराने खलिफाच्या महालात उतरतो, आणि चोरी करायला गेलेला माणूस राजकन्येला पाहून स्वतःच हरवतो. तिच्या स्वयंवरासाठी तीन राजपुत्र आलेले असतात. जो सर्वांत दुर्मीळ वस्तू आणील त्याला ती वरणार. इराणी राजपुत्राला शिराझच्या बाजारात उडता गालिचा मिळतो, हिंदी राजपुत्राला मूर्तीच्या डोळ्यातला दूरदर्शी स्फटिक, मंगोल राजपुत्राला मेलेल्याला उठवणारे सोन्याचे सफरचंद. मंगोलाला हवे असते ते मात्र बगदादचे तख्त. अहमद आगीच्या दरीतून आणि समुद्रतळातून वाट काढत अदृश्य करणारी शाल आणि जादूची भुकटी मिळवतो. मूठभर भुकटी जमिनीवर टाकली की धुरातून सैन्य उभे राहते.

कथेचा मूळ धागा राजपुत्र अहमद आणि परीबानूच्या गोष्टीतला. ही गोष्ट अरबीच्या जुन्या हस्तलिखितांत नाही. अलेप्पोच्या हन्ना दियाब याने ती १७०९ मध्ये पॅरिसला आंत्वान गालाँ या फ्रेंच भाषांतरकाराला तोंडी सांगितली. अलीबाबा आणि अल्लाउद्दीनही त्याच्याच तोंडून आले. त्या गोष्टीतला थोरला राजपुत्र उडता गालिचा विकत घेतो तो हिंदुस्थानातल्या ‘बिसनगर’ शहरात. बिसनगर म्हणजे विजयनगर, असे मानले जाते. म्हणजे जगभर ‘अरबी’ म्हणून ओळखला जाणारा हा गालिचा मुळात दक्षिणेच्या बाजारातला! चित्रपटाने तो शिराझला नेला. मराठी वाचकाला या गोष्टींची गोडी कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं’नी लावली होती. पडद्यावरचे बगदाद आपल्याकडच्या प्रेक्षकांपुढे आले तेव्हा घरोघरी ते आधीच ऐकून ठाऊक होते.

चित्रपटाचे खरे वैभव नेपथ्यात आहे. विल्यम कॅमेरॉन मेन्झीस याने उभारलेल्या शहराची जमीन काळी, आरशासारखी घोटलेली होती. त्यामुळे मनोरे पायावर उभे न वाटता तरंगताना दिसतात. गालिच्याच्या आत पोलादी पत्रा होता आणि तो तारांनी क्रेनला टांगला होता. फेअरबँक्स त्यावर खरोखर उभा राहिला, खाली खरी गर्दी होती. शंभर वर्षांनंतरही हा प्रसंग अंगावर येतो, कारण पडण्याची भीती खोटी नाही. मात्र पूर्वेकडच्या माणसांकडे पाहण्याची दृष्टी कोती आहे. मंगोल म्हणजे कपटी, दासी म्हणजे घरभेदी, हे ठरूनच गेलेले. मंगोल दासीच्या छोट्या भूमिकेतली ॲना मे वाँग त्या चौकटीतही नायिकेपेक्षा जास्त लक्षात राहते.

हिंदुस्थानात चित्रपटाला तुफान गर्दी झाली. टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालच्या चित्रपट चौकशी समितीने (१९२७–२८) त्या काळात इथे सर्वाधिक लोकप्रिय ठरलेला चित्रपट म्हणून याचेच नाव नोंदवले. मुंबईच्या स्टुडिओंतून तलवारबाज, भिंतीवर चढणारे, गच्चीवरून उड्या घेणारे नायक निघू लागले. त्यांत अव्वल ठरला मराठी नट मास्टर विठ्ठल. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तो तयार झाला आणि मुंबईच्या शारदा कंपनीच्या स्टंटपटांनी त्याला ‘हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स’ केले. पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१४ मार्च १९३१, मॅजेस्टिक, गिरगाव) याचा नायक तोच. त्यासाठी त्याने शारदा सोडली तेव्हा कंपनीने दावा लावला. विठ्ठलची बाजू बॅ. जिना यांनी मांडली आणि तो जिंकला. बोलपटात मात्र उडीपेक्षा जीभ महत्त्वाची ठरली आणि त्याचे राज्य ओसरले. पुढे भालजी पेंढारकरांच्या ऐतिहासिक मराठी चित्रपटांत तो दिसत राहिला. बगदादची हौस वाडिया बंधूंनी चालू ठेवली : ‘लाल-ए-यमन’ (१९३३), आणि होमी वाडियांचे ‘अल्लादीन और जादुई चिराग’ (१९५२), ‘अलीबाबा और ४० चोर’ (१९५४), ‘हातिमताई’ (१९५६).

याच नावाचा रंगीत बोलपट अलेक्झांडर कोर्डा याने १९४० मध्ये काढला. त्यातला चोर म्हैसूर संस्थानातल्या माहुताचा मुलगा साबू. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि विशेष परिणाम यांसाठी या बोलपटाला तीन ऑस्कर मिळाले. रंगांत तो सरस आहे. अंगाच्या लयीत मूकपटाची सर त्याला नाही.

हर्सूलहून दिल्ली दरवाज्याने छत्रपती संभाजीनगरात शिरणाऱ्याला बगदाद इतके परके वाटू नये. संभाजीनगर हे शहर १६१० मध्ये ‘खडकी’ म्हणून वसवणारा आणि डोंगरातले पाणी नहरीने त्यात आणणारा मलिक अंबर मूळचा हबशी. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा पोर बगदादच्या मीर कासिमच्या घरी शिकला, तिथेच त्याचे नाव अंबर पडले, आणि दख्खनमध्ये येऊन त्याने निजामशाहीचा कारभार हाती घेतला. बगदादच्या बाजारातून सत्तेपर्यंतचा हा प्रवास जादूच्या भुकटीविना झाला. त्यावर असा भव्य चित्रपट निघायला हवा.

‘द थीफ ऑफ बगदाद’ अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत १९९६ मध्ये दाखल झाला आणि त्याच्या स्वच्छ प्रती आज घरबसल्या पाहता येतात. ‘आलम आरा’ची एकही प्रत उरलेली नाही, मूकपटांतला विठ्ठलही जवळजवळ सगळा गेला. जुन्या वाड्याच्या माळ्यावर, बंद पडलेल्या टॉकीजच्या खोलीत रिळांचा गंजलेला डबा सापडला तर तो भंगारात घालू नका. तो आगीपासून लांब ठेवा, कारण जुनी नायट्रेट फिल्म चटकन पेट घेते, आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.