महापौर नसलेली नगरी : द्वारका आणि दिल्लीचे महापौरपद

दिल्लीच्या नैर्ऋत्य टोकाला वसलेली द्वारका महाराष्ट्रात असती, तर तिला केव्हाच स्वतःची महानगरपालिका लाभली असती. सुमारे 5,600 हेक्टर क्षेत्र, 29 सेक्टर आणि आराखड्यातच दहा लाखांहून अधिक वस्तीची तरतूद; महाराष्ट्रात याहून लहान शहरांनाही महापौर आहेत. द्वारकेला मात्र तो नाही. सरकारी दफ्तरात ती दिल्लीचे एक उपनगर आहे, आणि तिच्या महापौरांचा इतिहास शोधू पाहणाऱ्यास चांदणी चौकातील जुन्या टाऊन हॉलची पायरी चढावी लागते.

दिल्लीची नगरपालिका 1863 सालची. तिच्या अध्यक्षपदी दीर्घकाळ ब्रिटिश डेप्युटी कमिशनरच बसत असे. लोकनियुक्त महापौराची खुर्ची आली ती 1957 च्या कायद्याने. 7 एप्रिल 1958 रोजी दिल्ली महानगरपालिका अस्तित्वात आली आणि अरुणा असफ अली पहिल्या महापौर झाल्या. महाराष्ट्राला त्यांची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. 9 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर, नेते तुरुंगात असताना, तिरंगा फडकावणाऱ्या त्या हात्या. सभागृहात कोणत्याही एका पक्षाला निर्भेळ बहुमत नसताना राजधानीने पहिला मान एका स्त्रीला दिला, ही त्या काळाच्या मानाने लहान गोष्ट नव्हे. पदाचे 'महापौर' हे नाव सावरकरांच्या भाषाशुद्धीतून आलेले. मराठीतून निघालेला हा शब्द आज हिंदीतही रुळला आहे.

नाव भारदस्त असले, तरी पदाचा अधिकार बेताचाच होता. 1888 च्या मुंबई कायद्याने घालून दिलेली रीत दिल्लीनेही उचलली : सभेचे अध्यक्षपद महापौराकडे, प्रत्यक्ष कारभार सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे. त्यातही महाराष्ट्रात महापौरास अडीच वर्षे मिळतात, दिल्लीत एकच. तरीसुद्धा आरंभी पालिकेचा पसारा मोठा होता. पाणी, वीज, शहरातल्या बसगाड्या, अग्निशमन, सारे तिच्याच छत्राखाली. पुढे एकेक खाते निसटत गेले. बससेवा 1971 मध्ये केंद्राकडे गेली, अग्निशमन दल 1994 मध्ये दिल्ली सरकारकडे. 1997 मध्ये विजेसाठी आणि 1998 मध्ये पाण्यासाठी वेगळी मंडळे झाली.

द्वारका आकारास आली ती नेमक्या याच सुमारास. पालम, ककरोला, बिंदापूर या गावांच्या परिसरात दिल्ली विकास प्राधिकरणाने 'पप्पनकलां' नावाने ही योजना हाती घेतली. प्राधिकरणाचे अध्यक्ष नायब राज्यपाल; त्यात पालिकेच्या वाट्याला दोन प्रतिनिधी. शिवाय 1990 मध्ये पालिका बरखास्त झाली ती निवडणूक होऊन पुन्हा उभी राहिली 1997 मध्ये. म्हणजे द्वारकेचे रस्ते आखले जात होते आणि सहकारी गृहसंस्थांच्या इमारती उठत होत्या, त्यांतील सात वर्षे दिल्लीला महापौरच नव्हता. नळाचे पाणी, वीज, मोठे रस्ते, उद्याने यांच्या तक्रारी घेऊन द्वारकेचा रहिवासी आजही वेगवेगळ्या दारांशी उभा राहतो, त्याचे मूळ या वर्षांत आहे.

2012 मध्ये पालिकेचे त्रिभाजन झाले. द्वारका दक्षिण दिल्ली महानगरपालिकेत आली आणि सविता गुप्ता तिच्या पहिल्या महापौर झाल्या. दक्षिणेची तिजोरी त्यातल्या त्यात बरी; पूर्वेकडील सफाई कामगारांवर मात्र थकलेल्या पगारासाठी संपाची पाळी आली. 22 मे 2022 रोजी तिन्ही पालिका पुन्हा एक झाल्या.

पुढचा भाग अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे. कायद्यानुसार पाच वर्षांतील पहिले वर्ष महिलेसाठी आणि तिसरे अनुसूचित जातीच्या सदस्यासाठी राखीव असते. डिसेंबर 2022 मध्ये 250 प्रभागांची निवडणूक झाली, पण महापौराची निवड तीनदा गोंधळात अडली. नामनिर्देशित सदस्यांना मतदान करता येणार नाही, असे 17 फेब्रुवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, तेव्हा कोठे 22 फेब्रुवारीस शैली ओबेरॉय 116 विरुद्ध 150 मतांनी निवडून आल्या. पालिकेचे वर्ष 31 मार्चला संपते. महिलेचे राखीव वर्ष असे जेमतेम सव्वा महिन्याचे ठरले. एप्रिलमध्ये त्या पुन्हा, बिनविरोध, निवडल्या गेल्या खऱ्या. पण ते वर्ष खुले होते.

तिसऱ्या वर्षाची गत फारशी निराळी नाही. एप्रिल 2024 मध्ये व्हायची निवडणूक पीठासीन अधिकाऱ्याच्या नेमणुकीवरून रखडली आणि 14 नोव्हेंबरला झाली. महेश खिची अवघ्या तीन मतांनी विजयी झाले. 25 एप्रिल 2025 रोजी राजा इक्बाल सिंह यांची निवड झाली, तेव्हा खिची यांना पदावर साडेपाच महिनेही पुरते झाले नव्हते. आरक्षणाची तरतूद कोणी रद्द केली नव्हती. तारखा तेवढ्या पुढे सरकल्या होत्या.