बांबूच्या बेटातून निघालेलं केंद्र

माधव गाडगीळ म्हटलं की आपल्याला २०११चा पश्चिम घाट अहवाल आठवतो आणि त्यावरून माजलेलं रण. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी उभं केलेलं परिस्थितिकी विज्ञान केंद्र मात्र आपल्याकडे फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही.

हार्वर्डची पीएच.डी. घेऊन पुण्याचे गाडगीळ १९७१ साली परतले आणि दोन वर्षांनी संस्थेच्या सैद्धांतिक अभ्यास केंद्रात रुजू झाले. ती जागा समीकरणं मांडणाऱ्यांची. पुढे कर्नाटक सरकारने बांबू का संपत चाललाय याचा अभ्यास त्यांच्याकडे सोपवला. कागद कारखान्याला बांबू मिळत होता टनाला दीड रुपयाने. बुरुडाला बाजारात त्याच्या कित्येक पट मोजावे लागत. वनखातं बेटांच्या बुडाशी असलेलं काटेरी आवरण साफ करवून घेई, म्हणजे दाटी कमी होऊन बांबू जोमाने वाढेल. गावकरी सांगत, काटे काढले की कोवळे कोंब गुरांच्या तोंडी जातात. प्रत्यक्ष मोजणी केली तेव्हा गावकरीच बरोबर ठरले. केंद्राची स्थापना कागदोपत्री १९८३ची. माझ्या मते पाया घातला गेला तो इथे.

केंद्रातली पुढची माणसं एकाहून एक चिकाटीची. राघवेंद्र गदगकर गांधीलमाश्यांच्या अंगावर रंगाचे ठिपके देऊन एकेक माशी ओळखू लागले आणि पोळ्यातलं राजकारण वर्षानुवर्षं टिपत राहिले. गाडगीळांचे विद्यार्थी रामन सुकुमार हत्तींच्या मागे लागले. पिकात घुसण्यात माद्यांपेक्षा नर पुढे का, असले त्यांचे प्रश्न. शेतकऱ्याला हा प्रश्न नवा नव्हता, विद्यापीठाला होता.

१९८६ साली निलगिरी हे देशातलं पहिलं जीवावरण राखीव क्षेत्र झालं. त्यानंतर दोनेक वर्षांत त्यातल्याच मुदुमलाईच्या पानझडी जंगलात केंद्राने ५० हेक्टरचा एक तुकडा आखला: एक किलोमीटर लांब, अर्धा किलोमीटर रुंद. छातीच्या उंचीवर ज्याची जाडी किमान १ सेंटिमीटर भरते, अशा प्रत्येक झाडाला क्रमांकाचा बिल्ला. दरवर्षी फिरून पाहायचं, कोण मेलं, कोण नव्याने मोजणीत आलं. दर चार वर्षांनी सगळ्यांची जाडी पुन्हा घ्यायची. वणवे लागतात, दुष्काळ येतो, हत्ती साली सोलतात. हत्तींच्या आवडीच्या काही जाती कशा झपाट्याने घटल्या, हे या मोजणीच्या वह्यांमुळेच कळलं. तीन वर्षांच्या अनुदानावर जगणाऱ्या संशोधनात असली मोजणी चालू ठेवणं हे जंगलातल्या कामाइतकंच कार्यालयातलं कष्टाचं काम. त्याला पुरस्कार मिळत नाहीत.

पर्यावरणाचा विषय पुढे पदवीच्या वर्गापर्यंतही पोचला. भारतीय विज्ञान संस्थेने २०११ साली चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा मुख्य विषयांच्या यादीत पर्यावरणविज्ञानही होतं. बारावी होऊन येणाऱ्या त्या मुलांना आधी गणित, भौतिकी, रसायन आणि जीवशास्त्र, हे चारही विषय करावे लागत.