क्रोक पार्कवरची नव्वद सेकंदे

२१ नोव्हेंबर १९२०. आयर्लंडचे स्वातंत्र्ययुद्ध ऐन भरात होते. डब्लिन विरुद्ध टिपररी असा गेलिक फुटबॉलचा सामना ठरला होता आणि तिकिटांचे पैसे तुरुंगातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या घरी जाणार होते. सामना संपलाच नाही. खेळ पाहायला आणि खेळायला आलेली १४ माणसे जिवानिशी गेली. त्या दिवसाचा तासागणिक हिशेब मांडला की हा अपघात नव्हता, हे स्पष्ट होते.

शनिवार, २० नोव्हेंबर

टिपररीचा संघ रेल्वेने डब्लिनला निघाला. गाडीत ब्रिटिश सैनिकांशी बाचाबाची झाली, ती हातघाईवर आली आणि खेळाडूंनी सैनिकांना चोपले. आता पोलीस शोधत येतील या धास्तीने काही जणांनी ठरलेले हॉटेल टाळले. ग्रेंजमॉक्लरचा २४ वर्षांचा बचावपटू मायकेल होगन फिल शॅनहन यांच्या पबमध्ये उतरला. त्याच शहरात क्रांतिकारकांचे नेते मायकेल कॉलिन्स यांची माणसे दुसऱ्या दिवशीच्या सकाळची तयारी करत होती.

रविवार, सकाळी ९

कॉलिन्स यांच्या पथकांनी डब्लिनमधल्या घरांवर आणि हॉटेलांवर एकाच वेळी धाड घातली. लक्ष्य होते ब्रिटिश गुप्तहेर. काहींना झोपेतून उठवून गोळ्या घातल्या गेल्या. एकूण १५ जणांचा जीव गेला. त्यांत हेरगिरीशी काही संबंध नसलेलेही होते. ब्रिटिश गोटात संताप उसळला.

दुपारी, सामन्याआधी

पोलिसांना आदेश निघाला : क्रोक पार्क वेढायचे आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पुरुषाची झडती घ्यायची. सामना संपायच्या पाव तास आधी एक अधिकारी कर्ण्यावरून सूचना देईल, असे त्यात ठरले होते. या मैदानाच्या मालक संघटनेवर सरकारचा जुना रागही होता. १८८४ मध्ये टिपररीतल्या थर्ल्स गावी स्थापन झालेल्या गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनने हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल गावोगाव रुजवले होते. पोलीस आणि ब्रिटिश सैनिक यांना तिथे सभासदत्व नव्हते. १९१८ मध्ये सरकारने सामन्यांना परवाना सक्तीचा केला, तेव्हा ४ ऑगस्टला देशभर एकाच वेळी विनापरवाना सामने भरवून संघटनेने तो आदेश धाब्यावर बसवला होता.

दुपारी २.४५

सामन्याची ठरलेली वेळ. गर्दी आवरेना म्हणून खेळ लांबला. एव्हाना धोक्याची कुणकुण लागलेल्या क्रांतिकारकांनी संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना सामना रद्द करा असे सांगितले. पदाधिकारी पेचात पडले. ऐनवेळी सामना रद्द केला तर चेंगराचेंगरी होणार, शिवाय सकाळच्या हत्यांशी संघटनेचा संबंध जोडला जाणार. सामना होऊ द्यायचा, असे ठरले.

दुपारी ३.१५

पंच मिक सॅमन यांनी शिट्टी वाजवली. थोड्याच वेळात मैदानावरून एक विमान घिरट्या घालून गेले.

दुपारी ३.२५

कालव्याच्या बाजूने पोलिसांचे ट्रक येऊन थडकले. कर्ण्यावरून कोणतीही सूचना झाली नाही. पोलीस उतरले आणि गोळ्या सुटल्या. झाडावर चढून सामना पाहणारा विल्यम रॉबिन्सन ११ वर्षांचा होता, भिंतीवर बसलेला जेरोम ओ'लिअरी १० वर्षांचा. दोघांनाही गोळी लागली, दोघेही वाचले नाहीत. गर्दी दुसऱ्या टोकाकडे पळाली. तिथे रस्त्यावर चिलखती गाडी उभी होती आणि तिच्या मशीनगननेही फैरी झाडल्या.

होगन गवतावर सपाट पडून रांगत कडेला सरकत होता. तसाच तो टिपला गेला. वेक्सफर्डचा टॉमस रायन त्याच्या कानात अखेरची प्रार्थना म्हणायला वाकला; त्यालाही गोळी लागली. २६ वर्षांची जेन बॉयल वाग्दत्त वराबरोबर आली होती. पाच दिवसांनी तिचे लग्न होते. तिला लग्नाच्या पोशाखातच पुरावे लागले. दोघे जण चेंगराचेंगरीत गेले.

हे सारे सुमारे ९० सेकंदांत घडले. पोलीस तुकडीचे अधिकारी मेजर मिल्स यांनी गोळीबार थांबवला तोवर पोलिसांच्या रायफलींमधून ११४ आणि मशीनगनमधून ५० गोळ्या सुटल्या होत्या.

रात्री

आदल्या रात्रीच्या धरपकडीत सापडलेले कॉलिन्स यांचे सहकारी डिक मकी आणि पेडर क्लॅन्सी, तसेच कॉनर क्लून हे तिघे डब्लिन कॅसलमध्ये मारले गेले. पळून जाताना मारले, असे सरकारने सांगितले.

त्यानंतर

आधी गर्दीतून गोळ्या आल्या, असा सरकारी दावा होता. मैदानाबाहेर बंदोबस्ताला असलेल्या डब्लिन शहर पोलिसांच्या साक्षींनी त्याला दुजोरा दिला नाही. लष्करी चौकशीनेही गोळीबार आदेशाविना आणि गरजेपलीकडे झाल्याचे मान्य केले, पण तो निष्कर्ष कित्येक दशके फायलींत दडवून ठेवला गेला.

आपल्याला हे ओळखीचे वाटेल. जालियनवाला बागेतला १३ एप्रिल १९१९ हाही रविवारच होता, तिथेही नि:शस्त्र जमाव कोंडीत सापडला होता. त्या हत्याकांडाची पाठराखण करणारे पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओडवायर जन्माने टिपररीचे होते, होगनच्याच काउंटीचे. साम्राज्याची चाकरी आणि साम्राज्याची गोळी, दोन्ही एकाच मातीच्या वाट्याला आली.

क्रोक पार्कचा एक भव्य स्टँड आज होगनच्या नावाने ओळखला जातो. पण मृतांपैकी आठ जणांच्या थडग्यांवर कित्येक दशके नावाचा दगडही नव्हता. शंभरी जवळ आल्यावर संघटनेने ते दगड बसवायला घेतले. हे काम खेळाच्या संघटनेला करावे लागले; आणि गोळ्या झाडणाऱ्यांपैकी एकावरही कधी खटला चालला नाही.