रिठ्याचा फेस

रिठा डोळ्यांत गेला की काय होतं, हे माझ्या पिढीच्या बायकांना सांगावं लागत नाही. आमची आजी न्हायला बसवलं की आधी "डोळे घट्ट मीट गं" म्हणायची, मगच गडू उचलायची. शिकेकाईच्या शेंगा, आवळकाठी, संत्र्याची वाळलेली साल आणि दोन-चार रिठे रात्रीच भिजत पडलेले असायचे. पहाटे ते मंद आचेवर उकळायचे. रिठ्यातली बी ती आधीच काढून टाकायची. फेस येतो तो वरच्या गराला. शेवटी नुसत्या पाण्याचे तांबे, आणि केसांच्या मुळाशी बोटं फिरवून बुळबुळीतपणा गेला का, ही खातरजमा.

पुढे रसायनशास्त्र शिकवताना सर्फॅक्टंटची ओळख मी रिठ्यापासूनच करून देत असे. त्यातल्या सॅपोनिनच्या रेणूचा साखरेचा भाग पाण्याकडे ओढला जातो, उरलेला तेलाला बिलगतो. म्हणून डोक्यात जिरवलेलं खोबरेल सुटतं. शाम्पूतलं सोडियम लॉरिल सल्फेट हेच काम फार जोराने करतं.

मधला काळ साबणाचा. विलायती वड्यांत बहुधा जनावरांची चरबी, म्हणून सोवळ्याच्या घरांना त्या नकोशा. अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत १९१८च्या सुमारास वनस्पती तेलांचा साबण काढला, ती अडचण मिटली. पण देशावर कित्येक विहिरींचं पाणी क्षारांचं, जड. त्यात साबण फुटतो आणि चिकट साका केसांवर बसतो. शिवाय साबणाचा सामू ९-१०, कातडीचा साडेपाचच्या आसपास. अंगाला साबण आला तरी केसांची शिकेकाई टिकली ती माझ्या मते अनुभवाने. जड पाण्याचा प्रश्न सुटला तो सल्फेटच्या शाम्पूने. अमेरिकेत १९३०च्या दशकात तो बाजारात आला; आपल्याकडे ऐंशीच्या दशकापासून पुड्यांतून खेडोपाडी पोचला.

'नैसर्गिक ते निर्धोक' म्हणणाऱ्यांशी मी आजही वाद घालते. रिठ्याच्या पाण्याने मासे मरतात. सॅपोनिन रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. उलट, सल्फेटने कर्करोग होतो ही ईमेलवरून पसरलेली भीती निराधार आहे. अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने १९८३ मध्ये लॉरिल सल्फेटबद्दल नेमकं सांगितलं: थोडा वेळ लावून नीट धुऊन टाकायचं असेल तर चालेल, अंगावर बराच वेळ राहणार असेल तर १ टक्क्याच्या वर नको. जास्त वेळ राहिलं तर ते कातडीतली स्निग्धताही ओढून घेतं, कातडी कोरडी पडते, चरचरते. हा जोर कमी करायला आता शाम्पूत कोकामिडोप्रोपिल बीटेन मिसळतात. ते बहुधा खोबरेलापासूनच करतात, तरी काहींना त्याची ॲलर्जी येते. इसब असणाऱ्यांनी बाटलीमागचं हे नाव वाचूनच शाम्पू घ्यावा.