बीडची छागल आणि गुप्ती

१९०८ सालच्या इंपीरियल गॅझेटियरांत निजामाच्या मुलखांतील बीड शहराची कारागिरी नमूद झाली, ती दोन जिनसांकरितां: छागल आणि गुप्ती.

छागल म्हणजे चामड्याची पाणपिशवी. बालाघाटाच्या वाटेनें उन्हाळ्यांत जाणाऱ्यास तिचें मोल कळे. कातड्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरे, वाऱ्यानें त्याची वाफ होई आणि आंतलें पाणी गार राही. कातडें पाणी धरील इतकें घट्ट, तरी पाझरूं देईल इतकें मोकळें कमावणें, हीच त्यांतली सारी विद्या. ती पोथींत नव्हती, चर्मकारांच्या हातांत होती. ज्यांनीं तें गार पाणी प्यावें त्यांनींच त्या हातांचा विटाळ मानावा, ही विसंगति झांकण्यासारखी नाहीं.

गुप्ती वरून साधी काठी, आंत पातें. १९६२ च्या शस्त्र-नियमांनीं तिला तलवारीच्या वर्गांत घातलें. छागलीस कायद्याची गरज पडली नाहीं. कापडी पिशवी, थर्मास आणि पुढें प्लास्टिकची बाटली यांनींच तिचें गिऱ्हाईक नेलें.

अशी वस्तु संग्रहालयांत ठेवितां येते. परंतु कातडें कमावण्याच्या कुंडांतून केव्हां काढावें, हें कांचेच्या कपाटांतून दिसत नाहीं. आणि वापराविना ठेवलेली छागल वाळून कडक होते, शिवणीशीं तडकते.