कळ, खटका आणि काम करणारे बोट

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढे येतात. आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे. आम्हाला इतिहास हत्यारांतून वाचण्याची सवय. नांगराचा फाळ किंवा मागाचा धोटा पाहिला, की तो ज्याच्या हाती होता त्याचे आयुष्य कसे गेले, हे पुष्कळसे कळते. आज आम्ही अशाच एका हत्याराविषयी बोलणार आहोत. ते हत्यार म्हणजे संगणकाचा जुना यांत्रिक कळफलक.

त्याचे मूळ टंकयंत्रात आहे. अमेरिकेतील मिलवॉकी गावच्या ख्रिस्तोफर शोल्सने आपल्या साथीदारांसह १८६८ साली टंकयंत्राचे पेटंट घेतले, आणि १८७४ पासून ते रेमिंग्टनच्या कारखान्यातून विक्रीस आले. आपल्याकडे १९५५ साली मुंबईत गोदरेजने देशी टंकयंत्र काढले. या यंत्रांत बोटाचा जोर दांडीवाटे थेट कागदावर जाई. अक्षर उमटले की नाही, याची साक्ष बोट, कान आणि डोळा तिघेही एकदम देत. श्रम बरेच पडत, पण झालेल्या कामाची पावती जागच्या जागी मिळे.

संगणक आला आणि ही पावती नाहीशी झाली. आता बोटाला काही ढकलायचे नव्हते. विजेचे मंडल क्षणभर जुळले की पुरे. दिव्याच्या बटणाने ते काम होईल असे कोणालाही वाटेल. पण धातूचे दोन तुकडे एकमेकांना भिडताना किंचित उसळतात, आणि दाबली एकदा तरी कळ यंत्राला दोनदा दाबल्यासारखी वाटते. शिवाय धूळ बसते, गंज चढतो. त्यावर निरनिराळे उपाय निघाले. १९६८ साली हनीवेल कंपनीने कळीला लहानसे लोहचुंबक जोडले. ते खाली आले की शेजारच्या सिलिकॉनच्या तुकड्याला त्याची चाहूल लागे. एडविन हॉल या शास्त्रज्ञाने १८७९ साली शोधलेल्या परिणामाचा हा उपयोग होता. यात काही भिडत नाही, म्हणून झिजतही नाही.

आयबीएमपुढे निराळीच अडचण होती. १९६१ साली आलेल्या तिच्या सिलेक्ट्रिक या विजेच्या टंकयंत्रावर असंख्य टंकलेखकांचे हात बसले होते. तेच हात आता पडद्यासमोर बसायचे होते. १९७१ नंतरच्या तिच्या पडदायंत्रांच्या कळीखाली पोलादाची वाकवलेली पट्टी असे. ठराविक जोर पडला की ती टक्कन दुसऱ्या बाजूला झुके. एवढ्यानेही भागेना, म्हणून काही कळफलकांत विजेवर चालणारी हातोडी बसवली. तिचे काम एकच होते: आवाज करणे! पैशापैशाचा हिशेब ठेवणारी कंपनी निव्वळ आवाजासाठी सुटा भाग बसवते, याचा अर्थ असा की या पावतीवाचून हाताचा वेग राहत नाही, हे तिला पुरते कळले होते.

पुढची पायरी रिचर्ड हॅरिस या अभियंत्याची. त्याच्या खटक्याला १९७८ साली पेटंट मिळाले. खराट्याची काडी उभी धरून वरून दाबा. काही वेळ ती ताठ राहते आणि एकाएकी कडेला वाकते. हॅरिसने कळीखालच्या बारीक स्प्रिंगला नेमके हेच करायला लावले. स्प्रिंग वाकताच खालचा छोटा दांडा कलंडतो, त्याच क्षणी विजेचा इशारा जातो, त्याच क्षणी बोटाखालचा विरोध गळतो आणि कानाला खट्ट ऐकू येते. कळ तळाला टेकण्यापूर्वीच काम झालेले असते. सराव झालेले बोट तिथूनच परतते, तळावर आपटत नाही. टंकयंत्राची हरवलेली पावती अशी परत आली. ऑगस्ट १९८१ मध्ये निघालेल्या आयबीएमच्या घरगुती संगणकाबरोबर ८३ कळांचा असा फलक होता. त्याला मॉडेल एफ म्हणतात. त्यात पोलादाच्या दोन पत्र्यांमध्ये सारी रचना घट्ट आवळलेली असे.

१९८५ साली मॉडेल एम आले. स्प्रिंग तीच राहिली, पण खालच्या विद्युत्फलकाच्या जागी प्लास्टिकचे तीन पातळ थर आले, आणि पत्र्याला प्लास्टिकच्या रिव्हेटांनी जखडणे आले. काळाच्या ओघात ती रिव्हेटे तुटतात. खर्च कमी करण्याची ही पहिली कात्री. तरी फलक दणकट होता, आणि त्याच्या १०१ कळांची मांडणी पुढे जगभर रूढ झाली.

त्याच काळात पश्चिम जर्मनीत काही वेगळे घडत होते. तिथल्या मानकांनी ठरवले की कळफलकाची मधली रांग मेजापासून ३० मिलिमीटरहून उंच नसावी, कारण उंच फलकावर मनगट अवघडते. उंच कळफलक करणाऱ्यांना आपली रचना बदलावी लागली. चेरी कंपनीचा आज प्रसिद्ध असलेला एमएक्स खटका या बुटक्या फलकांच्या काळातला आहे. श्रोतेहो, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. मनगटाचे दुखणे नियमाच्या भाषेत मांडले गेले, आणि यंत्राला माणसाच्या मापाने व्हावे लागले. त्याच दशकात ऑस्ट्रेलियात कळफलकावर काम करणाऱ्या हजारो माणसांनी हातांच्या दुखण्याच्या तक्रारी केल्या. त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. हे दुखणे मनाचे की मनगटाचे, असा वाद तिथे डॉक्टरांत वर्षानुवर्षे चालला!

आपल्याकडे १९८३ साली बँक-व्यवस्थापनांची संघटना आणि कर्मचाऱ्यांच्या युनियन यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. नोकरी राहणार की जाणार, हाच तेव्हा पोटाचा प्रश्न होता, आणि तो आधी सोडवणे रास्तच होते. पण नोकरी राहिली तरी त्या नोकरीत हात दिवसभर कशावर चालतो, हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ उभाच असतो.

बाजाराने त्याचे उत्तर स्वस्ताईत दिले. संगणकाच्या किमती उतरल्या, आणि कळीखाली रबराची टोपी आली. ती तळापर्यंत चेपल्यावाचून अक्षर उमटत नाही. प्रत्येक अक्षराला बोट तळावर आपटते. फलक बिघडला की फेकून द्यायचा. ज्याच्या पैशाने तो विकत घेतला जातो त्याचे चार पैसे वाचले; त्याची किंमत ज्याच्या बोटांनी मोजली, त्याला कोणी विचारले नाही.

केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे आयबीएमचा टंकयंत्रांचा मोठा कारखाना होता, आणि हे कळफलकही तिथे होत. १९९१ साली तो व्यवसाय लेक्समार्क या नावाने वेगळा काढला गेला. १९९६ साली लेक्समार्कनेही कळफलक सोडले. तेव्हा त्या धंद्यात हात बसलेल्या काही जुन्या माणसांनी साचे आणि यंत्रे घेऊन, त्याच गावात, युनिकॉम्प या नावाने तीच स्प्रिंग करणे चालू ठेवले. मोठ्या भांडवलाने जे निरुपयोगी ठरवले, ते कारागिरांनी जिवंत ठेवले. आज जगभरची तरुण मुले जुने फलक शोधून काढतात, धुतात, प्लास्टिकच्या रिव्हेटांच्या जागी लोखंडी स्क्रू बसवतात आणि त्यांवर काम करतात. याला कोणी छंद म्हणोत. हाताने दिलेला तो निकाल आहे, असे आम्ही समजतो.

तेव्हा उद्या आपल्या कचेरीत, दुकानात वा कारखान्यात नवे यंत्र आले, की ते किती काम करते आणि केवढ्याला पडते, एवढ्यावर थांबू नका. ते दिवसाचे आठ तास ज्याच्या हाताखाली राहणार आहे, त्याला आधी हात लावून पाहू द्या. आणि तो काय म्हणतो, ते खरेदीच्या कागदावर लिहून घ्या.