नऊवर थांबलेलं कडं

आमच्या माहीमच्या घरात दिवाळीच्या आधीच्या रविवारी पितळ घासायला निघतं. समई, निरांजनं, पंचपात्र, आणि त्यांच्याबरोबर एक बुटका पितळी शंकू. हाताला चांगला जड, खालच्या बाजूला आटे, कमरेला फिरणारं वाटावं असं एक कडं आणि त्या कड्यावर शून्यापासून बावीसपर्यंत आकडे. वर्षभर तो विजेच्या बिलांवर वजन म्हणून बसतो. आजी त्याला ‘गोदीतलं घड्याळ’ म्हणायची.

आजीची गोष्ट अशी: १४ एप्रिल १९४४च्या दुपारी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकाइन’ बोट फुटली, तेव्हा ही वस्तू आकाशातून उडत आली आणि लेडी जमशेटजी रोडच्या कडेला पडली. गोष्ट अशक्य नव्हती. त्या बोटीवर सुमारे चौदाशे टन स्फोटकं होती, कापसाच्या गासड्या होत्या, सोन्याच्या विटाही होत्या. पहिला मोठा स्फोट चार वाजून सहा मिनिटांनी झाला आणि गोदीचं घड्याळ तिथेच थांबलं. सोन्याची वीट मैलभर उडून एका घरात पडल्याची हकीकत तर सर्वश्रुत आहे. मग पितळेचा तुकडा माहीमला का नाही? अंतर मात्र दहा किलोमीटरच्या आसपास. लहानपणी मला हा हिशेब सुचला नाही, आणि सुचला असता तरी आजीसमोर तो मांडायची कोणाची छाती होती!

मला खटकायचे ते आकडे. घड्याळ म्हणावं तर बारा नाहीत, चोवीस नाहीत, साठही नाहीत. बावीस कशाचे? काटा नाही, किल्ली नाही, काचही नाही. काका म्हणायचे, टाइम बॉम्बचा भाग असेल. गेल्या वर्षी भिंग घेऊन बसलो, तर चिंचेच्या कोळाने पन्नास-साठ वर्षं घासल्या गेलेल्या पितळेवर तिरप्या उजेडात अक्षरं उमटू लागली. बाणाच्या फाळासारखी तीन रेघांची खूण, म्हणजे ब्रिटिश सरकारी माल. ८० हा आकडा. १७. आणि ‘केपीझेड ९६/०४’.

केपीझेडने मला महिनाभर चुकीच्या वाटेला लावलं. ही अक्षरं जर्मन आहेत: क्रुप पेटंट त्स्युंडर. त्स्युंडर म्हणजे फ्यूज, तोफगोळ्याच्या टोकाला बसवायचा पलिता. मी समजलो, वस्तू जर्मन. पण मग सरकारी बाण कसा?

उत्तर युद्धातल्या एका विचित्र व्यवहारात आहे. १९०२ मध्ये इंग्लंडच्या व्हिकर्स कंपनीने जर्मनीच्या क्रुपकडून फ्यूजच्या पेटंटचा परवाना घेतला. दर नगामागे एक शिलिंग तीन पेन्स द्यायचे ठरले. १९१४ला युद्ध पेटलं आणि इंग्रजांनी तोच जर्मन पलिता जर्मनांवर आणि तुर्कांवर डागायला सुरुवात केली, वर क्रुपची अक्षरंही ठोकून. युद्ध संपल्यावर क्रुपने थकबाकी मागितली. आपल्याच माणसांवर पडलेल्या गोळ्यांचं मानधन! भांडण १९२६ पर्यंत चाललं आणि ४०,००० पौंडांवर तडजोड झाली.

तर आमचं ‘घड्याळ’ म्हणजे ब्रिटिश ८० नंबरचा टाइम फ्यूज, १९१७ साली बनलेला. अठरा पौंडी तोफेच्या श्रापनेल गोळ्यावर तो बसायचा. वेळ मोजायचा तो दारूच्या वातीने. फ्यूजमध्ये एकावर एक दोन कडी असतात आणि दोन्हींच्या खोबणीत बारीक दारू ठासलेली असते. तोफ उडाल्याच्या हिसक्याने आतली ठिणगी पडते आणि वरचं कडं जळू लागतं. जळत जळत आग एका भोकाशी येते, तिथून खालच्या कड्यात उतरते, तिथे पुन्हा जळत शेवटच्या भोकापर्यंत जाते. खालचं कडं फिरवलं की दोन्ही खोबण्यांतली जळायची लांबी कमी-जास्त होते. दिवाळीत लवंगीची वात चिमटीने तोडून छोटी करणाऱ्या पोराला हे तत्त्व समजावून सांगायला नको. नेमलेल्या क्षणी, शत्रूच्या डोक्यावर हवेतच, गोळ्यातून पावणेचारशे गोळ्या पुढे उधळल्या जात आणि हे पितळी टोपण उडून जमिनीवर पडे.

आता गोदीच्या गोष्टीचं काय? आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त तोफखाना अधिकाऱ्यांनी वस्तू हातात घेतली, आत काही उरलं नाही ना ते आधी पाहिलं आणि विचारलं, “कडं फिरतं का?” फिरत नाही. नऊच्या आकड्यावर गच्च बसलंय. वायू बाहेर पडायची बारीक छिद्रं आतून काळी आहेत आणि टोकाला ठेच आहे. बोटीतून जाणारा कोरा फ्यूज असा कुणी लावून ठेवत नाही, कडं नऊवर आणायला तोफेशी माणूस लागतो. म्हणजे हा फ्यूज डागलेला आहे. माझ्या अंदाजाने गोळा तीनेक हजार यार्ड गेला असावा. १९४४ साली मुंबई गोदीत नव्हे, १९१७ नंतर कुठल्या तरी रणांगणावर.

आणि इथे माझे पणजोबा येतात. परळच्या रेल्वे वर्कशॉपातले फिटर. ‘ते बसऱ्याला गेले होते’ एवढंच एक वाक्य त्यांच्याबद्दल घरात शिल्लक होतं आणि ते व्यापाराला गेल्यासारखं म्हटलं जायचं. मेसोपोटेमियाच्या मोहिमेचं मुख्य बंदर मुंबई. कुतच्या वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ला कुत पडलं, ११ मार्च १९१७ला बगदाद घेतलं. त्या फौजेमागे रेल्वे टाकणारे, बोटी दुरुस्त करणारे, ओझी वाहणारे हजारो हिंदी कामगार गेले. पलटणींचा इतिहास लिहिला गेला, फिटरचा कोण लिहिणार?

काकूला विचारलं तर ती म्हणाली, “त्याच डब्यात राजाच्या तोंडाचा एक बिल्ला होता रे. तांबूस. मोडीत घातला सासूबाईंनी.” मी दोनदा विचारलं, चांदीचा नव्हता ना? “चांदीचा असता तर घातला असता का?” त्या युद्धाचं ब्रिटिश पदक सैनिकांना चांदीचं मिळे, पलटणीमागून जाणाऱ्या कामगारांच्या तुकड्यांना ब्राँझचं. त्याच्या कडेवर माणसाचं नाव कोरलेलं असे. ते नाव भंगाराच्या तागडीत गेलं.

पुरावा म्हणून हे तोकडं आहे, मला मान्य आहे. फ्यूज पणजोबांनीच आणला हे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. पण आटे पाहून, घडण पाहून वस्तू उचलावीशी वाटणारा माणूस फिटरच असणार, असं मला वाटतं. आजीनेही खोटं सांगितलं नाही. चौदा वर्षांची असताना तिने आकाशात धूर पाहिला होता, आणि सासरी आल्यावर कपाटात हा तुकडा. मधली तीस वर्षं कुणी तिला सांगितलीच नव्हती.

यंदा समई आणि निरांजनं घासली. शंकूला चिंच लावली नाही. १७ मधला सात आधीच बोटाला लागेनासा झालाय.